गायरान आणि चौक

उज्जैनच्या जुन्या वस्तीतल्या वाड्यात मेश वायफाय (एकमेकांना निरोप पोचवणारे अनेक राउटर-डबे) बसवताना २.४ गिगाहर्ट्झ बरा की ५, हा प्रश्न सहसा वेगाचा समजला जातो. माझ्या मते तो आधी इतिहासाचा आहे. २.४ चा पट्टा म्हणजे गावचं गायरान. १९४७ साली, उज्जैन अजून शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात असताना, अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा संदेशांसाठी नव्हे, तर लहरींनी वस्तू तापवणाऱ्या यंत्रांसाठी राखली गेली. तिथे कुणी बोलायला आलंच, तर त्याने यंत्रांचा गोंगाट सोसायचा. १९८५ साली अमेरिकेने या पडीक जागेत कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना बोलायची मुभा दिली, आणि वायफाय त्यातूनच उगवलं. आपल्याकडे १९३३ च्या कायद्यामुळे साधा रेडिओ घरात ठेवायलाही परवाना लागे; पोस्टात दर वर्षी पैसे भरून पुस्तिकेत तिकीट चिकटवून आणायचं. अशा देशात २००५ च्या जानेवारीत २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ परवान्यातून सुटले, ही लहान गोष्ट नव्हती. पण गायरान ते गायरानच. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या, एकमेकींत न घुसणाऱ्या वाटा तिथे तीनच: १, ६ आणि ११. त्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन. ओव्हनला मात्र नावं ठेवू नयेत, मूळ हक्कदार तोच!

५ चा पट्टाही २००५ मध्येच अंशतः खुला झाला, पण घराच्या आत किंवा एकाच आवारापुरता. ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी ही अट काढली, मधला ५४७० ते ५७२५ चा तुकडाही जोडला, आणि एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले, म्हणजे गायरानाच्या सातपट. यावर आक्षेप ठरलेला: जागा कितीही असो, ५ ची लहर वाड्याच्या जाड भिंतीपाशीच दमते. भिंतींबाबत हे खरंच आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास राजधानी इथून ग्वाल्हेरला नेली, पण मराठी घरं आणि त्यांची बांधायची रीत इथे राहिली. त्या रीतीत भिंत जाड असते, तसा मधोमध चौकही असतो, आणि आक्षेप घेणारे नेमके त्यालाच विसरतात. दर्शनी सोप्यापासून मागच्या खोल्यांपर्यंत भिंतींतून जाण्यापेक्षा चौकावरून जाणं सोपं; तिथे अडवायला तुळशीवृंदावनापलीकडे फारसं काही नाही. मेशमध्ये एक डबा दुसऱ्याला निरोप देतो तो याच मोकळ्या वाटेने, ५ वर, द्यावा. डब्यांचं आपसातलं बोलणं आणि फोनशी बोलणं, ही दोन्ही कामं एकाच पट्ट्यावर टाकली, तर प्रत्येक निरोप त्याच हवेत दोनदा उच्चारला जातो आणि वेग जवळपास निम्मा होतो.

मग सरळ केबलच का ओढू नये? ओढता आली तर उत्तमच, तिच्याशी वाद नाही. पण केबल डब्यापर्यंतच पोचते. माजघरातला फोन शेवटी हवेतूनच बोलणार. तिथे, बंद दाराआड, सुमारे साडेबारा सेंटिमीटरची जुनी लहर अजून उपयोगी पडते, कारण भिंत तिला कमी अडवते. म्हणून २.४ बंद करून टाका, हा सल्ला मला उज्जैनच्याच फ्रीगंज भागातल्या नव्या फ्लॅटपुरता मान्य आहे, वाड्यासाठी नाही. वाड्यात एक डबा दर्शनी सोप्यात, दुसरा समोरच्या ओसरीवर ठेवावा, दोघांची तोंडं चौकाकडे. आणि माजघराकडे २.४ चालू राहू द्यावा, तिथे गाणी आणि निरोपच जायचे असतात.