लाकडी बैल आणि कोबीची पानं

आमच्या गावाच्या नावात कंस आहे. सिंदी, आणि कंसात रेल्वे. वर्ध्याला अगदी खेटून दुसरी एक सिंदी आहे. ती सिंदी (मेघे). आम्ही नागपूर-वर्धा लोहमार्गावर, म्हणून आमच्या वाट्याला रेल्वे आली. ज्या गावाला स्वतःचं नाव सांगतानासुद्धा कंस उघडून पुन्हा बंद करावा लागतो, त्या गावच्या माणसाकडून सरळ रेषेतल्या इतिहासाची अपेक्षा वाचकांनी करू नये. विषय मात्र सरळ आहे. मुक्या जनावरांच्या वतीनं माणसं जेव्हा मोठ्यानं बोलतात, तेव्हा बाकीची माणसं काय करतात?

हा विषय आमच्या पारावर आला तो वर्तमानपत्रातल्या एका छायाचित्रामुळे. कुठल्याशा मोठ्या शहरात भर चौकात एक तरुणी अंगभर हिरवी पानं लेवून उभी होती. पानं सॅलडच्या पाल्याची. पण आमच्याकडे ज्या पानाची भाजी ओळखू येत नाही तिला कोबीच म्हणतात. हातात फलक : मांसाहार सोडा, शाकाहारी व्हा. मोहीम 'पेटा' या संस्थेची. ही संस्था १९८० साली अमेरिकेत निघाली आणि २००० साली मुंबईत आली. मराठीत हे नाव आज्ञार्थी आहे, हे तिच्या संस्थापकांना कुणी सांगितलं नसावं. आपल्या लोकांनी मात्र ती आज्ञा शब्दशः पाळली. नाव ऐकलं की लोक पेटतात.

छायाचित्राभोवती जमलेल्या मंडळींपैकी शेजारचे शेतकरी काका बराच वेळ ते निरखत होते. शेवटी म्हणाले, "गुरुजी, या पोरीनं पानं आंगाले काहून लावली?"

"जनावरांची दया यावी म्हणून."

"मंग ते पानं जनावराले टाकाव ना! दया बी झाली आन् पोट बी भरलं."

या एका वाक्यात सगळा इतिहास आला, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. जनावरांच्या कैवाराची कुठलीही मोहीम घ्या, तिला हाच प्रश्न विचारायचा : ते ठीक आहे, पण उद्या सकाळी चारा कोण टाकणार?

सुरुवात मुंबईपासून करू. १८३२ साली कंपनी सरकारचे शिपाई मोकाट कुत्री मारत. दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आणे म्हणजे त्या काळी मोठी रक्कम, त्यामुळे मोकाट कोणतं आणि घरचं कोणतं हे पाहण्याइतका वेळ शिपायांना नसे. जून महिन्यात पारश्यांच्या एका पवित्र दिवशीच ही मोहीम कोटात शिरली. पारशी धर्मात कुत्र्याला मान मोठा. शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले. कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली आणि कुत्र्यांपायी साहेबाचा नाश्ता खोळंबला. सरकारनं लष्कर बोलावलं, धरपकड झाली, काहींना शिक्षाही झाल्या.

एवढं होऊन गोष्ट संपली असती तर तो नुसता दंगा ठरला असता. पण जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा शेठ यांनी १८३४ साली मुंबईत पांजरापोळ काढला. आरडाओरडा दोन दिवस चालला. पांजरापोळ अजून चालू आहे. काकांच्या प्रश्नाला पहिलं उत्तर मिळालं ते असं.

नंतरच्या मोहिमांचं भाग्य सगळं असंच नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोरक्षणाची चळवळ देशभर पसरली. अंगभर देवदेवता असलेल्या गायीची रंगीत चित्रं घरोघरी गेली. भिंतीवरची जाहिरात म्हणून त्या चित्राला तोड नव्हती. पण १८९३ साली ठिकठिकाणी दंगली झाल्या, मुंबईतही झाल्या. कारणं अनेक होती, त्यांत हीही एक होती. माणसं मेली. गाय वाचवायला निघालेल्या माणसाच्या हातून शेजारी मरावा, याहून वाईट जाहिरात गायीची झालेली नाही. विनोदी लेखकानंही इथे थोडं थांबायला हवं.

मग आमच्या जिल्ह्याचे दिवस आले. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडलं. गवळी फुंक्याची क्रूर रीत वापरून जनावराकडून दूध काढतात, हे त्याचं एक कारण. पुढे मोठ्या आजारपणात, कस्तुरबांनी वाट दाखवली म्हणून, ते शेळीच्या दुधावर आले. १९३१ साली ते गोलमेज परिषदेला लंडनला गेले, तेव्हा तिकडच्या व्यंगचित्रकारांनी स्वराज्याचा मसुदा बाजूला ठेवला आणि शेळी काढली. आजवर कुठल्याही शेळीला एवढी प्रसिद्धी मिळालेली नाही, आणि तिनं त्यासाठी पाला अंगाला लावला नव्हता, खाल्ला होता.

हेच गांधीजी सेवाग्रामला राहू लागले आणि १९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघ निघाला. जमनालाल बजाजांनी त्याची धुरा घेतली. या मंडळींची तऱ्हा निराळी. घोषणा कमी, हिशेब जास्त. त्यांचं म्हणणं, गाय वाचवायची तर आधी गायीचं दूध विकत घ्या, आणि चपला घालायच्या तर आपल्या मरणानं मेलेल्या जनावराच्या कातड्याच्या घाला. तसं चर्मालय वर्ध्याजवळ नालवाडीत चालू झालं. पहिल्या दिवशी लोकांनी नाकाला रुमाल लावला असेल, पण चपला घेतल्या. गोरस भांडारात गायीचं दूध मिळू लागलं आणि गायीच्या तुपातला गोरसपाकही. हा गोरसपाक अजून मिळतो. वर्ध्याहून येणारा पाहुणा तो आणतो, आणि आपण एका मोहिमेचं पत्रक चावतो आहोत हे खाणाऱ्याच्या ध्यानीही नसतं. ज्या प्रचाराला चव असते त्याला घोषणेची गरज लागत नाही.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा होते. आणीबाणीत, १९७६ साली, त्यांनी गोहत्याबंदीसाठी उपवासाचा निश्चय जाहीर केला. तो ज्या अंकात छापला होता, 'मैत्री'चा तो अंकच पोलिसांनी आश्रमातून जप्त केला. प्रसिद्धी मिळवायला लोक काय काय करतात. इथे प्रसिद्धी नको म्हणून सरकार धावलं! पुढे १९७९ च्या एप्रिलमध्ये विनोबांनी पाच दिवस उपवास केला आणि देशाचं लक्ष पवनारकडे लागलं. १९८२ च्या जानेवारीत त्यांच्याच प्रेरणेनं मुंबईत देवनारच्या कत्तलखान्यापुढे सत्याग्रह सुरू झाला. त्यांच्या मागणीवर तेव्हाही दोन मतं होती, आजही आहेत. पण न जेवणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहून हसण्याची कुणाची छाती झाली नाही.

कायद्याची गोष्ट याहून शांत. प्राण्यांच्या छळाविरुद्धचं विधेयक राज्यसभेत प्रथम आणलं रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. जगप्रसिद्ध नर्तकी, पण यासाठी त्या रस्त्यावर नाचल्या नाहीत, सभागृहात बोलल्या. १९६० साली कायदा झाला. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. त्या काळी तो दंड होता. आज तेवढ्यात बैलाच्या शिंगांना रंगही येत नाही.

आता बैलाचं नाव निघालंच. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या बंद केल्या, तेव्हा पारावर दोन तट पडले. एक म्हणे, तुतारीचा खिळा बैलाला टोचतो हे खोटं आहे का? दुसरा म्हणे, शहरातल्या माणसानं बैल पाहिलाय कधी? दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. फटाके वाजले. फटाक्यांनी बैल बुजले.

पण या सगळ्या वर्षांत एक गोष्ट हळूच घडून गेली. २०१९ च्या पशुगणनेत देशातले बैल-गोऱ्हे २०१२ च्या मानानं सुमारे तीस टक्क्यांनी कमी भरले. शर्यतीनं मेले नाहीत, कज्ज्यानंही नाही. दारात ट्रॅक्टर आला. आमच्या वर्ध्याची गवळाऊ ही जात अंगानं हलकी, चालीला तेज, मराठ्यांच्या फौजेचं सामान घेऊन धावलेली असं सांगतात. तिच्यासाठी चौकात कुणी पानं लावून उभं राहिलं नाही. उभं राहिलं असतं तर आम्ही पानांकडेच पाहिलं असतं म्हणा.

कारण आपली रीतच तशी आहे. २०२५ च्या जुलैमध्ये कोल्हापूरकडच्या नांदणी मठाची हत्तीण, महादेवी, न्यायालयाच्या हुकमानं गुजरातेत 'वनतारा'त गेली. तक्रार 'पेटा'ची होती. म्हणणं असं की हत्तीण आजारी आहे, एकटी आहे. तिला निरोप देताना गाव रडलं. हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी गेली, लाखोंनी सह्या केल्या, आणि एका मोबाइल कंपनीची कार्डं लोकांनी रागानं बदलली. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. तक्रारीतही सगळंच खोटं नसावं. पण त्या पंधरा दिवसांत मी जेवढ्या चर्चा ऐकल्या, त्यांत हत्तिणीच्या दुखऱ्या पायाबद्दल बोलणारा माणूस क्वचित भेटला. बाकी सगळे मालकाबद्दल, अस्मितेबद्दल आणि सिमकार्डाबद्दल बोलत होते.

याच संस्थेनं २०२३ साली केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या एका मंदिराला यांत्रिक हत्ती दिला. कान हलवतो, सोंड हलवतो, पिसाळत नाही. वर्तमानपत्रांनी नवल केलं. आमच्या सिंदीला त्याचं नवल वाटलं नाही. इथे तान्हा पोळा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. ही चाल नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली पाडली असं सांगतात. आमच्या गावचा तान्हा पोळा तर साऱ्या विदर्भात नावाजलेला. माणसापेक्षा उंच लाकडी नंदी, चाकांवर बसवलेले, झुली आणि माळा घातलेले. ओढायला पोरं पुरत नाहीत, बाप्ये लागतात. पाहायला गावोगावची माणसं लोटतात. पोरं घरोघर बोजारा मागत फिरतात.

या बैलाला कुणी टोचत नाही, न्यायालय याची तारीख लावत नाही. दरवर्षी रंग लावा, चाकांना तेल द्या, की काम झालं. काकांच्या गोठ्यात दावणी दोन, आणि बैल एकच उरला आहे. तोही म्हातारा. ढेप महाग, कुटार महाग; २०१५ च्या कायद्यानं त्याला कत्तलीपासून अभय दिलं, पण त्याच्या कडब्याचं बिल कुठल्या कलमात लिहिलेलं नाही. ते काका भरतात. नातवाचा लाकडी नंदी मात्र गेल्या वर्षीपेक्षा हातभर उंच झाला आहे.

मी म्हटलं, "काका, एवढा मोठा नंदी ठेवणार कुठं?"

"गोठ्यातच ठेवतो, गुरुजी. जागा हाय ना आता."