गुडघ्याने वाजवायची गिटार

नवं वाद्य घेतलेल्या माणसाच्या घरी सहा महिने फिरकू नये, असं माझं जुनं मत आहे. नव्या बाळाचा बाप परवडला. बाळ झोपलं की तो निदान हळू बोलतो. वाद्यवाला मात्र गवसणीत गाढ झोपलेलं वाद्य बाहेर काढतो, पंचाने पुसतो आणि "हात लावून बघा ना" म्हणतो. आपण हात लावायला गेलो की "नको, घामाचा डाग पडतो" असंही म्हणतो. अलीकडे मात्र या मताला मी एक पोटकलम जोडलं आहे. ते वाद्य विकत आणलेलं नसून मापाने करवून घेतलेलं असेल, तर जरूर जावं. कारण सध्या असं एक वाद्य माझ्याच घरी आहे.

आणि मी राहतो हेमलकशाला! इथे माणसं येतात ती लोकबिरादरी प्रकल्प बघायला. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी तो सुरू केला आणि पुढे प्रकाशभाऊ नि मंदाताईंनी वीज-रस्ता नसलेल्या या रानात झाडाखाली दवाखाना थाटला, ही कथा आता सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. लोक दवाखाना बघतात, शाळा बघतात, बिबटे बघतात, पलीकडे भामरागडला जाऊन तीन नद्यांचा संगम बघतात. गिटार बघायला अजून तरी कोणी मुद्दाम आलेलं नाही. त्यामुळे वाट चुकून जो दारात येतो, त्याला मी सोडत नाही.

वस्तूचं नाव पेडल स्टील गिटार. गिटार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी कमरेत बारीक वस्तू येते, तिच्याशी हिचं नातं चुलत-चुलतच. ही चार पायांवर उभी असते. वर दहा तारा, खाली तीन पेडल, मधे लोंबणारे चार दांडे. उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत सळी धरून ती तारांवरून सरकवायची. डावा पाय पेडलवर. उजवा पाय आवाज लहानमोठा करणाऱ्या आणखी एका पेडलवर. दोन्ही गुडघे डावी-उजवीकडे हलवून दांडे ढकलायचे. उरलं तोंड. ते वाद्याचं कौतुक करायला मोकळं.

हे एवढं लटांबर कशासाठी, असा प्रश्न माझ्या सौभाग्यवतींनीही विचारला होता. त्याचं उत्तर हवाई बेटांपासून द्यावं लागतं. ते त्यांनी पुरतं ऐकलं नाही. तुम्ही ऐका.

१८८९ च्या सुमारास होनोलुलूजवळ जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराला रेल्वेच्या रुळाकाठी एक लोखंडी बोल्ट सापडला. तो गिटारच्या तारांवरून घासल्यावर सूर रडू लागला, अशी तिकडची दंतकथा आहे. केकुकूने मग ती विद्या जन्मभर घासली आणि अमेरिकेपर्यंत नेली. पण तिकडेच दुसरीही एक दंतकथा सांगतात. तिच्यात हा मान गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेल्या पोराकडे जातो. खरं-खोटं हवाईचा समुद्र जाणे. आमच्या अंगणात मी दुसरी कथाच सांगतो.

तशी तारेवरून गोटा किंवा सळी सरकवण्यासाठी आपल्याला हवाईला जायची गरज नव्हती. उत्तरेत विचित्र वीणा होती, दक्षिणेत गोट्टुवाद्यम होतं. हे दक्षिणेतलं वाद्य विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा मैफलीत आणून बसवलं ते तिरुविडैमरुदूरच्या सखारामरावांनी. नावावरूनच कुळ ओळखा! तंजावरकडे गेलेला मराठी माणूस जेवणात सांबार घेऊन बसला आणि वाजवण्यात गोट्टुवाद्यम. पुढे कर्नाटक संगीताचे भीष्माचार्य झालेले सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर लहानपणी याच सखारामरावांपाशी शिकले.

आता मुद्द्याची गोष्ट. माणसाचा गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारत नाही, घसरत जातो. ती मींड. पेटीला ती येत नाही. तिच्या पट्ट्या म्हणजे सरकारी कचेरीतल्या खिडक्या, एक बंद केल्याशिवाय दुसरी उघडत नाही. या एका दोषापायी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला जे दार लावून घेतलं, ते १९७१ पर्यंत उघडलं नाही.

पण पेटीवर त्याआधीच एक मराठी माणूस रागावला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, पेन्शनीत निघालेले डेप्युटी कलेक्टर. पेन्शनीत निघालेला माणूस एकतर तुळशी लावतो किंवा भगवद्गीतेवर भाष्य लिहितो. देवलांनी श्रुती मोजायला घेतल्या. सप्तकात बारा स्वर कसले, बावीस श्रुती आहेत! अब्दुल करीम खांसाहेबांचा गळा त्यांच्या बाजूने साक्षीला होता. १९१० साली देवलांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं, क्लेमंट्स नावाचे एक साहेब न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले आणि बावीस श्रुतींची पेटी खास मापाने लंडनहून तयार होऊन आली. त्या पेटाऱ्याचे खिळे उपटताना देवलांना काय वाटलं असेल, ते फक्त मलाच कळू शकतं. १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही पेटी मोठ्या अभिमानाने मांडली गेली. पंडित भातखंडे तिच्यापुढे विरघळले नाहीत. गवयांच्या गळ्यातल्या श्रुती पेटीतल्या श्रुतींशी जुळेनात. राग बदलला की गळा श्रुती थोडी इकडेतिकडे करतो. लंडनहून बसवून आणलेल्या पट्टीला तशी मुभा नव्हती.

देवलांना कोणी हसू नये. त्यांनी गळ्यासाठी वाद्य शिवून घेतलं. वाद्य नीट शिवलं गेलं, गळाच मापात राहीना. जगातल्या प्रत्येक करवून घेतलेल्या वाद्यामागे हीच धडपड आहे. दुकानात मिळणाऱ्या वाद्यातून आपल्या कानात वाजतंय ते निघत नाही, म्हणून माणूस सुताराच्या दारात जाऊन बसतो.

आमच्या मुंबईच्या सिनेमासृष्टीत व्हॅन शिपले होते. मूळचे लखनौचे. त्यांनी विजेवरची आठ तारांची गिटार स्वतः आखून घेतली आणि पुण्याच्या एनॉक डॅनियल्सच्या अ‍ॅकॉर्डियनबरोबर तिच्या तबकड्या काढल्या. कुठल्याही इराण्याच्या हॉटेलात चहा पिताना तो आवाज तुम्ही ऐकला असेल, फक्त नाव माहीत नसेल. ब्रिजभूषण काब्रांनी याच आडव्या गिटारवर राग वाजवले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' त्यांचीही होती, बासरी-संतूरच्या कौतुकात हे लोक विसरतात. विश्वमोहन भट्टांनी तिला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी आणलं. आपल्याकडे एकच सूर सरळ धरून चालायचं असतं, म्हणून आपण तारा वाढवल्या. अमेरिकेत एका वेळी तीन-चार सूर लागतात, म्हणून त्यांनी पेडल वाढवले.

कारण सळी सरळ. ती सगळ्या तारांना एकाच न्यायाने वागवते. चढली तर सगळ्यांना घेऊन चढते, उतरली तर सगळ्यांना घेऊन उतरते. पण मनात असतं असं, की दोन सूर जागीच थांबावेत आणि तिसऱ्याने तेवढं हळूच वर सरकावं. इथे पेडल कामाला येतो. माझा पहिला पेडल दाबला की पंचमाची तार ताणली जाऊन धैवतावर जाते. दुसरा दाबला की गंधार मध्यमावर जातो. षड्ज आपला जागच्या जागी, घरातल्या थोरल्या भावासारखा. सा-ग-प दाबत दाबत सा-म-ध होतो. तो होत असतानाचा जो अर्धा क्षण आहे ना, त्या अर्ध्या क्षणासाठी मी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले.

या यंत्राचा विश्वकर्मा पॉल बिग्ज्बी. कॅलिफोर्नियातला हा गृहस्थ मुळात साचे करणारा कारागीर आणि मोटरसायकलींच्या शर्यतींचा शौकीन. १९४८ साली त्याने स्पीडी वेस्ट नावाच्या वादकाला पेडलची गिटार करून दिली. दर्शनी बाजूला त्या वादकाचं नाव ठसठशीत अक्षरांत! मग काय, रांग लागली. आपलं नाव असलेली गिटार मिळायला लोक महिनोन् महिने थांबू लागले. १९५४ साली वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने पेडल दाबून सूर वाकवला आणि तो ऐकून वादकांनी घरातल्या साध्या गिटारींना पेडल जोडायची खटपट सुरू केली, म्हणतात.

माझ्या गिटारीचा बिग्ज्बी नागपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर बसतो. त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर त्याच्याकडेही रांग लागेल. नकाशा पसरल्यावर मिस्त्रींनी तो एकदा सरळ पाहिला, एकदा उलटा पाहिला आणि विचारलं, "गुरुजी, हे वाजवाचं आहे का चालवाचं?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"मंग ब्रेक कुठी आहे?"

मी स्प्रिंग दाखवली. पेडल सोडला की तार जिथून निघाली त्याच सुरावर परत यायला हवी, केसभरसुद्धा इकडेतिकडे नाही. मिस्त्री गंभीर झाले. त्यांनी आयुष्यभर जे केलं ते हेच होतं, फक्त त्यातून आवाज आला तर गिऱ्हाईक तक्रार करायचं. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि टेप घेऊन माझी मांडी, गुडघा, नडगी मोजली. शिंप्याने सुद्धा इतक्या आस्थेने मला कधी मोजलं नव्हतं. अंगाला लाकूड आलापल्लीकडचं सागवान. बिग्ज्बी मेपल वापरायचा, पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाचे लठ्ठे २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत गेले आहेत. रामाच्या दाराला चालतं ते माझ्या गिटारीला चालायला हरकत नव्हती. दर्शनी बाजूला पितळेत माझं नाव. आडनावासकट.

आलापल्लीहून भामरागडच्या एसटीत ते खोकं चढवलं तेव्हा कंडक्टरने अर्धं तिकीट मागितलं. मी पूर्ण दिलं. माझा मानच तेवढा होता.

अंगणात मांडल्यावर माणसं जमली. एका बाईने शिलाई मशीन म्हणून लांबूनच ओळख पटवली. पाड्यावरचे एक म्हातारे माडिया दादा मात्र न बोलता खाली वाकले आणि सळ्या, कप्प्या, स्प्रिंगा बोटाने चाचपत राहिले. ते स्वतः ढोल करतात. लाकूड हेरतात, पोखरतात, कातडं ताणतात. त्यांच्या मापाचं वाद्य त्यांना नागपूरला जाऊन करवून घ्यावं लागत नाही, आणि त्यावर नाव घालावं असं त्यांच्या कधी मनातही आलेलं नसावं.

मी पहिला पेडल दाबला. पंचम धैवतावर गेला. दादांनी मान हलवली. सूर त्यांना कळला होता, शंकाच नको. मग त्यांनी विचारलं, "गुरुजी, याच्यावर किती माणसं नाचतात?"

या प्रश्नाला देवलांच्या पुस्तकात उत्तर नाही. इकडे रात्री रेला सुरू झाला की हातात हात गुंफून अख्खा पाडा एका ढोलाभोवती फिरतो. माझ्या वाद्यावर अजून तरी फक्त माझे गुडघे नाचतात. त्यातच वीज गेली. विजेवाचून पेडल स्टील म्हणजे उत्तम प्रतीचं इस्त्रीचं टेबल. ढोलाला विजेचं बिल नसतं.

मी लिंगोची कथा काढली. इंद्रावतीपलीकडे बस्तरच्या मुरियांमध्ये ती सांगतात, १९४७ साली व्हेरियर एल्विनने त्यांच्यावरच्या ग्रंथात लिहूनही ठेवली आहे. गोंडांचा आदिपुरुष लिंगो एकटा एकाच वेळी अठरा वाद्यं वाजवायचा. मी म्हणालो, "दादा, दोन हात, दोन पाय, दोन गुडघे... मी सहापर्यंत आलोय. लिंगोच्या वाटेवरच आहे." दादा हसले. म्हणाले, "लिंगोनं सगळ्यांना शिकवलं. तुझं तर तुझ्याच गुडघ्याचं आहे."

तिथेच त्यांचा नातू उभा होता. नववीतला, ताडासारखा उंच. मी त्याला खुर्चीवर बसवलं. त्याचे गुडघे माझ्या दांड्यांच्या वर चार बोटं आले. दोन्ही दांडे एकदम दाबले गेले, आणि दहा तारांनी जे काही म्हटलं त्याला कुठल्याच संगीतात नाव नाही. पोरगं घाबरून उठलं. मी त्याला परत बसवलं.

मिस्त्रींना त्याच रात्री फोन केला. पाय खालीवर करता येतील असे करा, दांड्यांनाही सरकती पट्टी द्या. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "होईल गुरुजी. पण मंग माप कोणाचं धरू?"

"सगळ्यांचं," मी म्हणालो.

"आणि पितळेवरचं नाव?"

ते मात्र तसंच राहू द्या, मी सांगितलं. आडनावासकट.