बरोबरीत सुटलेला एक डाव

आजचा भाग ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लेखी.

२६ जुलै २०२५, शनिवार. जॉर्जियातलं बाटुमी शहर, महिला विश्वचषकाची फायनल, पहिला डाव. पांढरी मोहरी आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखकडे, वय १९. समोर कोनेरू हंपी. ती ग्रँडमास्टर झाली २००२ मध्ये, म्हणजे दिव्याच्या जन्माच्या तीन वर्षं आधी! इकडे वाशिमात मी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो होतो, शेजारी बाबा.

ओपनिंग होती क्वीन्स गॅम्बिट, स्वीकारलेली. म्हणजे पांढरा वजिराच्या बाजूचं प्यादं पुढे करतो, 'घे' म्हणतो, आणि काळा ते खातो. फुकट काही नसतं बरं का. बहुतेक वेळा पांढरा उंटाने ते प्यादं परत वसूल करतो, वर पटाच्या मध्यावर जागा मिळते ती वेगळीच. गॅम्बिट हा शब्द इटालियन 'गाम्बेत्तो'वरून आला. गाम्बा म्हणजे पाय, थोडक्यात पाय घालून पाडणं. बाबा लगेच म्हणाले, "मंग टांगच मारली म्हन ना!" कुस्ती पाहिलेल्या माणसाला एवढं पुरतं.

त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता. ते शिकले देशी डाव, त्यात प्यादं एकावेळी एकच घर चालतं. क्वीन्स गॅम्बिटमध्ये पहिल्याच खेळीत दोन घरं! "हे लबाडी हाय," त्यांचं म्हणणं. युरोपात मात्र ही ओपनिंग पंधराव्या शतकाच्या शेवटीच लिहून ठेवलेली सापडते.

चौदाव्या खेळीपर्यंत कॉम्प्युटर दिव्याच्या बाजूने झुकला होता. मी बाबांना आधीच पेढे सांगून बसलो. पण संधी निसटली, हंपीने पाय रोवले आणि डाव बरोबरीत सुटला.

"पोट्टीनं हंपीले रोखलं का हंपीनं पोट्टीले?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगू, मी जाम चिडलो होतो. शाळेत असताना समोरच्याने देऊ केलेली बरोबरी मी नाकारली होती आणि तो डाव हरलो होतो. बरोबरी म्हणजे भित्रेपणा, हे माझ्या डोक्यात बाबांनीच भरलेलं!

रविवारचा डावही बरोबरीतच. सोमवारी टायब्रेक, तिथलाही पहिला रॅपिड डाव बरोबरीत. मग दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली. २.५–१.५. विश्वचषक तिचा, आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही.

त्या रात्री बाबांनी माळ्यावरून जुना पट काढला. वजिरापुढचं प्यादं उचललं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन घरं पुढे ठेवलं.