शब्द बदलले, नावे राहिली

भाषेच्या तासाला एक नेहमीचा सराव असतो. उताऱ्यातील शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालून तो पुन्हा लिहायचा. विशेषनामांना मात्र हात लावायचा नाही. उर्दूत अशा शब्दांना आम्ही 'मुतरादिफ' म्हणतो. मुलांना हा खेळ वाटतो. पण हाच सराव महाराष्ट्रात एकदा एका राज्याने केला होता. तो इतिहास आपण नीट समजून घ्यायला हवा, कारण मराठी भाषा कोणाची, या वादात त्याचा दाखला हटकून दिला जातो.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती. पुढे महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. दरबार, किल्ला, शस्त्रे, लेखन, बाजार अशा विषयांतील रूढ फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. कोशाचे दहा वर्ग आहेत आणि रचना श्लोकबद्ध आहे.

यामागचा हेतू काय होता? दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरांत फारसीचा वावर होता. तिथली कामे मराठी कारकूनही करीत आणि त्याच शब्दांत लिहीत. नव्या अभिषिक्त राजाला आपल्या राज्यकारभाराची वेगळी ओळख हवी होती. हा बदल दफ्तराचा होता. शेतात आणि बाजारात बोलणाऱ्या माणसाची जीभ बदलण्याचा तो हुकूम नव्हता. शिवाय नवे शब्द संस्कृत होते. रयतेला 'किल्ला' जितका कळत होता, तितका 'दुर्ग' कळत असेल का, हा प्रश्न उरतोच.

आता विशेषनामांकडे पाहा. महाराजांची राजमुद्रा संस्कृतात आहे. तिच्यात त्यांचा उल्लेख 'शाहसूनु', म्हणजे शहाजींचा पुत्र, असा येतो. 'शाह' हा शब्द फारसी, 'सूनु' संस्कृत. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने मुलगे झाले म्हणून मालोजीराजांनी त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. वडिलांच्या नावाला प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणालाही वाटली नाही. नाव म्हणजे नाते असते. त्याला समानार्थी शब्द नसतो.

पदांचेही तसेच झाले. कोश झाला तरी 'पेशवा' हा शब्द १८१८ पर्यंत पुण्यात नांदला. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, मुजुमदार ही पदे तर आडनावे होऊन घराघरांत स्थिरावली. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. 'दिनांक' आणि 'महापौर' रूढ झाले, पण 'तारीख' गेली नाही. आजही आपण अर्ज करतो, दाखला मागतो, वकील लावतो. 'जिल्हाधिकारी' या एकाच शब्दात अरबी जिल्हा आणि संस्कृत अधिकारी शेजारी बसले आहेत.

आमच्या भंडारा जिल्ह्यात तर याहून गोड उदाहरण आहे. करडी, मोहाडीकडचा शेतकरी 'मामा तलावा'च्या पाण्यावर धान पिकवतो. हा मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, तर 'माजी मालगुजारी'. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तेव्हा तिची तळी 'माजी' ठरली. 'माजी' अरबी, 'माल' अरबी, 'गुजारी' फारसी. त्यांची आद्याक्षरे जुळली आणि मराठीतले सर्वांत जिव्हाळ्याचे नाते तयार झाले. या मामाला आता कोण परका म्हणेल?

म्हणून राज्यव्यवहारकोशाचा राग धरण्याचे आपल्याला कारण नाही, आणि त्याच्या आधारे कोणाला परके ठरवण्याचा अधिकारही कोणाला नाही. प्रत्येक राज्य आपले शब्द निवडते. त्यांतले कोणते ठेवायचे, हे शेवटी बोलणारी माणसे ठरवतात. संत शेख महंमद श्रीगोंदेकरांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, त्यात योगाची परिभाषा वापरली आणि स्वतःचे नाव मात्र शेख महंमदच ठेवले. मराठीने त्यांना त्याच नावाने संत मानले. वर्गातल्या सरावाचा नियमही हेच सांगतो: शब्द हवे तर बदला, पण माणसाचे नाव त्याचे त्याला राहू द्या.