बंगळूरचं वेळापत्रक

माझी भाची यंदापासून पाचवीला इंग्रजी शिकवते. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, पुस्तकात ढीगभर उपक्रम दिलेत. नेमके कुठले घेऊ?" मला एकदम एन. एस. प्रभू आठवले.

१९७९ ते १९८४ या काळात प्रभूंनी सहकाऱ्यांसह दक्षिणेतल्या काही साध्या शाळांत एक प्रयोग केला. बंगळूर प्रकल्प म्हणून तो ओळखला जातो. तेव्हा आपल्याकडे वाक्यरचना घोकून घेण्याची पद्धत होती. प्रभूंनी ती बाजूला ठेवली. मुलांपुढे नकाशा किंवा रेल्वेचं वेळापत्रक ठेवलं आणि प्रश्न विचारले. अमुक गाडीनं निघालं तर केव्हा पोचू? एक प्रश्न शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर सोडवत, मग तसाच दुसरा मुलं आपापला सोडवत. निम्म्या मुलांना निम्मं तरी जमलं, तर ते काम वर्गाला योग्य समजायचं. मुलांचं लक्ष उत्तराकडे असे, इंग्रजी त्या ओघात येई.

१९८७ साली त्यांचं पुस्तक आलं. माझ्या हाती ते पडलं निवृत्तीनंतर! प्रभूंचा प्रयोग चालू होता त्याच वर्षांत मी 'धिस इज अ पेन' वीसवीसदा म्हणवून घेत होते. वर्ग एका सुरात म्हणायचा आणि मी खूश. त्यातलं कुणी विचार करतंय का, हे कधी पाहिलंच नाही. ती मुलं आता पन्नाशीत असतील.

भाचीला म्हटलं, "उत्तर काढायला मुलाला डोकं चालवावं लागत असेल, तर तो उपक्रम घे. बाकीचे खुशाल सोड."