काळी फीत, चौदा खेळाडू आणि १९६९ चा हंगाम

"खेळात राजकारण आणू नका" हा उपदेश आपल्या कानावर इतक्या वेळा पडतो की तो कोण करतो आणि कोणाला करतो, हे पाहायचे राहूनच जाते. मैदानावर धर्माची निशाणी चालते, देशाचा झेंडा चालतो, दारूच्या कंपनीची जाहिरातही चालते. एखाद्या शोषित माणसाने तिथे उभे राहून आपला अपमान बोलून दाखवला की मात्र त्याच क्षणी राजकारण सुरू होते. आम्हाला हा उपदेश ऐकला की अमेरिकेतला १९६९ चा एक फुटबॉल हंगाम आठवतो. त्या हंगामात चौदा विद्यार्थ्यांनी दंडाला काळी फीत बांधून प्रशिक्षकाशी बोलायला जाण्याचे धाडस केले आणि काही मिनिटांत ते संघाबाहेर फेकले गेले.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतला फुटबॉल आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा वेगळा. चेंडू लांबट, हातात धरून पळायचा, अंगाला अंग भिडवायचे. तिथली विद्यापीठे हा खेळ प्रचंड थाटात खेळतात. जवळपासची विद्यापीठे मिळून एक गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. गटातले संघ दरवर्षी आपसात सामने खेळतात, विजेता ठरतो, तिकिटांचे आणि प्रक्षेपणाचे पैसे येतात. ज्याच्या अंगमेहनतीवर हे उभे असते त्या खेळाडूला त्या काळी पगार नव्हता, शिष्यवृत्ती होती. आणि ती शिष्यवृत्ती प्रत्यक्षात प्रशिक्षकाच्या मर्जीवर होती.

वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स हा असाच एक गट १९६२ मध्ये सुरू झाला. अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट, न्यू मेक्सिको, यूटा, वायोमिंग आणि ब्रिगहॅम यंग ही सहा विद्यापीठे त्यात होती. पुढे कोलोरॅडो स्टेट आणि टेक्सासचे एल पासो विद्यापीठ आले. यातली सात सरकारी, म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारी. आठवे ब्रिगहॅम यंग हे मॉर्मन चर्चच्या मालकीचे. आणि या चर्चचा तेव्हा एक नियम होता: आफ्रिकी वंशाच्या पुरुषाला पौरोहित्याचा अधिकार नाही.

पौरोहित्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पूजा सांगणारा एखादा भटजी येतो. मॉर्मन पंथात तसे नाही. तिथे पगारी पुरोहितांचा वेगळा वर्ग नसतो. बारा वर्षांच्या मुलापासून जवळजवळ प्रत्येक पुरुषाला हा अधिकार पायरीपायरीने मिळतो, आणि धर्मातला त्याचा सगळा दर्जा त्यावर ठरतो. म्हणजे गोऱ्यांचे पोर बाराव्या वर्षी ज्या पायरीवर चढणार, तिथे काळा माणूस म्हातारा होऊन मेला तरी चढू शकणार नव्हता. मंदिरातले मुख्य विधी काळ्या स्त्री-पुरुषांना बंद होते. कारण एकच, जन्म. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे चालत आलेले होते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये पुरोहितपण जन्मावर ठेवू नका, परीक्षा घ्या आणि ते सर्वांना खुले करा, अशी मागणी केली होती. ती मागणी किती मुळाशी जाणारी होती हे यूटातल्या या नियमाकडे पाहिले की वेगळ्या बाजूने कळते. देवाच्या दारात ज्याचा दर्जा कमी ठरतो, त्याचा दर्जा गावात, शाळेत आणि मैदानात आपोआप बरोबरीचा होत नाही.

या गटातला पहिला ठिणगीचा प्रसंग फुटबॉलचा नव्हता. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच एल पासोच्या धावपटूंची ब्रिगहॅम यंगच्या मैदानावर स्पर्धा होती. काळ्या खेळाडूंनी तिथे उतरायला नकार दिला. विद्यापीठाने त्यांना संघातून काढले. त्यांच्यात बॉब बीमन नावाचा लांब उडी मारणारा तरुण होता. सहा महिन्यांनी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने ८.९० मीटर उडी मारली, आणि तो विश्वविक्रम पुढे तेवीस वर्षे कोणाला मोडता आला नाही. काढलेल्या खेळाडूची लायकी काय होती याचे याहून स्वच्छ उत्तर आम्हाला माहीत नाही.

आता वायोमिंग. डोंगराळ, विरळ वस्तीचे राज्य, १९७० च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास, काळे लोक शंभरात एकसुद्धा नाहीत. या राज्याला 'समतेचे राज्य' असे बिरुद आहे, कारण १८६९ मध्ये तिथे स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. लारामी गावातल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ हा सगळ्या राज्याचा अभिमान. प्रशिक्षक लॉइड ईटन यांच्या हाताखाली १९६६, १९६७, १९६८ अशी सलग तीन वर्षे वायोमिंगने कॉन्फरन्स जिंकली होती. या यशात लांबलांबच्या शहरांतून शिष्यवृत्ती देऊन आणलेल्या काळ्या तरुणांचा मोठा वाटा होता. १९६९ चा हंगाम सुरू झाला आणि वायोमिंगने पहिले चारही सामने जिंकले. देशातल्या पहिल्या वीस संघांत त्यांचे नाव होते. पाचवा सामना १८ ऑक्टोबरला, घरच्या मैदानावर, ब्रिगहॅम यंगशी.

विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेचे प्रमुख होते विली ब्लॅक, गणितात पीएच.डी. करणारे विद्यार्थी. चर्चचा नियम काय आहे हे त्यांनी खेळाडूंपुढे मांडले आणि निषेध का करायला हवा याचे पत्र विद्यापीठाला दिले. खेळाडूंना स्वतःचाही अनुभव होता. आदल्या वर्षी ब्रिगहॅम यंगशी खेळताना आपल्याला वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्या, असे त्यांचे सांगणे होते. ईटन यांना कुणकुण लागली. त्यांनी आदल्या दिवशी जो विल्यम्स या सहकर्णधाराला बजावले, की खेळाडूंनी कुठल्याही निदर्शनात भाग घ्यायचा नाही असा आपला नियम आहे.

१७ ऑक्टोबरच्या सकाळी चौदा काळे खेळाडू साध्या कपड्यांत, दंडाला काळी फीत बांधून ईटन यांना भेटायला गेले. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण नंतर सगळी चर्चा शिस्तीच्या नावाने झाली. त्यांनी सामन्यावर बहिष्कार टाकला नव्हता. मैदानात फीत घातली नव्हती, सराव बुडवला नव्हता. काय करता येईल हे विचारायला ते गेले होते. ईटन यांनी त्यांना मैदानी सभागृहाच्या बाकांवर नेऊन बसवले आणि तोंड उघडायच्या आत सांगून टाकले की तुम्ही आता या संघात नाही. खेळाडूंनी नंतर सांगितले त्यानुसार, तुम्ही आपले काळ्यांच्या कॉलेजात जा, दानावर जगा, अशा अर्थाचेही ते बोलले. पाय हवेत, खांदे हवेत, तोंड नको. शिष्यवृत्तीचा करार कागदावर काहीही असो, त्याचा खरा मजकूर हा होता.

त्या रात्री विश्वस्त मंडळ बसले, राज्यपालही हजर होते. बैठक उत्तररात्रीपर्यंत चालली आणि प्रशिक्षकाचा निर्णय कायम झाला. विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या मंडळांतून चौदा जणांच्या बाजूने आवाज उठला, पण राज्यभरातले प्रेक्षक ईटन यांच्यामागे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वायोमिंगचा सगळा गोरा संघ मैदानात उतरला आणि ब्रिगहॅम यंगला ४०-७ असे हरवले. गर्दीला वाटले, बघा, त्यांच्यावाचून काही अडले नाही.

पुढच्या आठवड्यात सॅन होजे स्टेटचा संघ लारामीत आला. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांचे हे विद्यापीठ, ज्यांनी वर्षभरापूर्वी ऑलिंपिकच्या व्यासपीठावर काळे हातमोजे घालून मुठी वर केल्या होत्या. सॅन होजेच्या खेळाडूंनी चौदा जणांच्या पाठिंब्यासाठी रंगीबेरंगी फिती बांधल्या आणि ते तसेच खेळले. म्हणजे एका आठवड्याच्या अंतराने त्याच मैदानावर फिती आल्या आणि आभाळ कोसळले नाही. वायोमिंगने तो सामना १६-७ असा जिंकला. तो त्या हंगामातला शेवटचा विजय. पुढचे चारही सामने ते हरले आणि सहा विजय, चार पराभव असा हंगाम संपला. कॉन्फरन्स अ‍ॅरिझोना स्टेटने जिंकली. १९७० मध्ये वायोमिंगने दहातला एक सामना जिंकला आणि ईटन यांची प्रशिक्षक म्हणून कारकीर्द तिथेच संपली. चांगले काळे खेळाडू पुढे बरीच वर्षे लारामीचे नाव काढायला तयार नव्हते.

या पराभवांवर खूश होणारे आपल्यातही आहेत. नियतीने सूड घेतला वगैरे. आम्हाला हे पटत नाही. विद्यापीठ एक-दोन वाईट हंगाम सोसून पुन्हा उभे राहते. एकोणीस-वीस वर्षांच्या ज्या पोरांची शिक्षणाची वाट मधेच तुटली, त्यांचा हंगाम परत येत नाही. चौदांपैकी काही दुसऱ्या कॉलेजात गेले. टोनी मॅकगी आणि जो विल्यम्स यांच्यासारखे थोडे व्यावसायिक फुटबॉलमध्ये पोचले, सुपर बोल जिंकणाऱ्या संघांत गेले. सगळ्यांच्या नशिबी ते नव्हते. त्यांचे नुकसान धावफलकावर दिसत नाही.

आणि नियमाचे काय झाले? २३ ऑक्टोबरला, म्हणजे आठवडाही पुरता उलटायच्या आत, विद्यापीठाचे अध्यक्ष आणि ईटन यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केले की निदर्शनबंदीचा तो नियम आता बदलला आहे. बदल मात्र या चौदा जणांना लागू होणार नाही. नियम टिकवण्यासारखा नव्हता हे मान्य, त्याखाली दिलेली शिक्षा मात्र टिकवायची. आमच्या वाचकांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

चौदा खेळाडू न्यायालयात गेले. अकरा लाख डॉलरची भरपाई आणि संघात परत घेण्याचा आदेश मागितला. बाजू भक्कम दिसत होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टिंकर खटल्यात शाळकरी मुलांना व्हिएतनाम युद्धाविरुद्ध दंडाला काळी फीत बांधून वर्गात बसण्याचा हक्क मान्य केला होता. शाळेत जे चालते ते विद्यापीठात का चालू नये? शायेनच्या न्यायालयाने आणि शेवटी १९७२ मध्ये अपील न्यायालयाने दिलेले उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. वायोमिंग हे सरकारी विद्यापीठ. सरकारने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे, असे राज्यघटना सांगते. सरकारी विद्यापीठाच्या गणवेशात खेळाडूंनी एका धर्माच्या शिकवणीचा निषेध केला, तर सरकारने त्या धर्माविरुद्ध बाजू घेतल्यासारखे होईल. म्हणून विश्वस्तांचा निर्णय योग्य.

हा निकाल आम्हाला ईटन यांच्या उर्मटपणापेक्षा जास्त धोकादायक वाटतो. ईटन रागात बोलले, न्यायालय शांतपणे बोलले. जन्मावरून माणसाचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेशी सरकारी पैशाने दरवर्षी सामने खेळणे, तिला आपल्या मैदानावर मानाने बोलावणे, यात तटस्थता भंगत नाही. त्या संस्थेने ज्याला खालचा ठरवला त्याने दंडाला वीतभर कापड बांधले की ती भंगते. धर्म आणि शासन वेगळे ठेवणारे कलम धर्माच्या जाचातून नागरिकाला वाचवण्यासाठी असते. इथे तेच कलम धर्माच्या अंगावर चिलखतासारखे चढवले. तटस्थता हा शब्द न्यायालयात ऐकू आला की मोजपट्टी कोणाच्या हातात आहे हे आधी बघावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. (ज्या १९७२ साली हा निकाल आला, त्याच साली मुंबईत अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. दोन गोष्टींचा थेट संबंध नाही, पण तो काळ कसा तापलेला होता हे लक्षात यावे म्हणून सांगितले.)

न्यायालयात हरलेले चौदा जण बाहेर मात्र एकटे राहिले नाहीत. नोव्हेंबर १९६९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ब्रिगहॅम यंगशी यापुढे सामने ठरवणार नाही असे जाहीर केले. फेब्रुवारी १९७० मध्ये कोलोरॅडो स्टेटमधल्या बास्केटबॉल सामन्यात निदर्शने इतकी चिघळली की मैदानात पेट्रोलबॉम्ब पडला. ब्रिगहॅम यंगच्या फुटबॉल संघात १९७० मध्ये पहिला काळा खेळाडू दिसला. जून १९७८ मध्ये चर्चने पौरोहित्य सर्व वंशांच्या पुरुषांना खुले केले. ईश्वरी साक्षात्कार झाला म्हणून, असे चर्च सांगते. श्रद्धेच्या भाषेला आम्ही हात लावत नाही. एवढेच नोंदवतो की साक्षात्कार व्हायच्या आधी दहा वर्षे मैदानांवर माणसे शिक्षा भोगत होती. २०१३ मध्ये चर्चने आणखी पुढे जाऊन, त्या बंदीच्या समर्थनासाठी जुन्या काळी सांगितलेले वंशाचे सिद्धान्त आपण नाकारतो असे लेखी जाहीर केले.

वायोमिंग विद्यापीठाने २००२ मध्ये विद्यार्थी भवनात या चौदा जणांचे स्मारकशिल्प उभारले, आणि २०१९ मध्ये, पन्नास वर्षांनी, त्यांची लेखी माफी मागितली. तोवर चौदांपैकी काही जण हयात नव्हते. उरलेल्यांनी पुढच्याच वर्षी, कोरोनाच्या काळात, एक काम काढले. गरजू कुटुंबांना अन्न पोचवायचे. त्यासाठी त्यांनी हात मिळवला तो मॉर्मन चर्चशी, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये चर्चच्या कोठारातून निघालेले धान्याचे ट्रक त्यांच्या नावाने अनेक शहरांत गेले, लारामीतही गेले. हे कळल्यावर आमच्या काही कार्यकर्त्यांनी नाक मुरडले, ज्यांच्याविरुद्ध फीत बांधली त्यांच्याशीच हातमिळवणी कशी म्हणून. आमचे उत्तर असे की त्यांचे भांडण एका नियमाशी होते. तो नियम १९७८ मध्ये गेला, त्यामागचे सिद्धान्त २०१३ मध्ये नाकारले गेले. १९७२ चा निकाल मात्र कायद्याच्या पुस्तकात अजून छापलेला आहे.