कूपरेजवरची सलग पाच वर्षं

नाशिकच्या ईदगाह मैदानावर असरच्या नमाजनंतर पोरांचा फुटबॉल सुरू होतो. दोन बाजूंना चपलांचे गोलपोस्ट, मधे धूळ. माझा भाचाही तिथेच असतो. गेल्या वर्षी त्याने हट्ट करून मेनरोडवरून पॅरिसच्या क्लबचा निळा टी-शर्ट घेतला. पाठीवर हकीमीचं नाव. मी विचारलं, "हाच क्लब का?" त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही खुळ्यासारखं विचारलं होतं. म्हणाला, "मामू, हकीमी अपना है ना!"

मग त्याने मला त्या क्लबचे विक्रम घडाघडा म्हणून दाखवले. पॅरिस सेंट जर्मेन या क्लबची स्थापना १९७० सालची. २०२५ साली फ्रान्सचं तेरावं विजेतेपद. त्याच वर्षी ३१ मे रोजी म्युनिकला चॅम्पियन्स लीगची फायनल, इंटर मिलानचा ५-० असा पराभव. एवढ्या फरकाने ती फायनल आधी कुणी जिंकली नव्हती. पहिला गोल अर्थातच हकीमीचा. पोराची माहिती पक्की होती. मी फक्त एक भर घातली. या तेरापैकी अकरा विजेतेपदं २०११ नंतरची आहेत, म्हणजे कतारच्या पैशाने क्लब विकत घेतल्यानंतरची. त्याआधीच्या चाळीस वर्षांत जेमतेम दोन होती. फ्रान्समध्ये लीग सलग जिंकण्याचा विक्रम आजही पॅरिसचा नाही, तो लिऑन या शहराच्या क्लबचा आहे. २००२ ते २००८, सलग सात वर्षं.

"अपने इंडिया में किसी ने ऐसा किया क्या?" त्याने विचारलं.

केलंय. आणि ते आपल्या नाशिकपासून चार तासांवर, मुंबईत घडलंय. पण त्या संघाचं नाव त्या मैदानावरच्या एकाही पोराला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांच्या बापांनाही नव्हतं. म्हणून हा लेख.

मुंबईत १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला. इंग्रज हौशी खेळाडूंनी सुरू केलेली ही स्पर्धा पहिली कित्येक वर्षं गोऱ्या पलटणींचीच राहिली. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. १९२३ साली कलकत्त्याच्या मोहन बागानने फायनलपर्यंत धडक मारली, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ ने हरवलं. हा कप जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला तो १९३७ साली, आणि त्याचं नाव होतं बंगलोर मुस्लिम्स. पुढच्या वर्षीही तोच संघ जिंकला. १९४० च्या फायनलमध्ये समोरासमोर आले ते दोन संघ म्हणजे बंगलोर मुस्लिम्स आणि कलकत्त्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग. कप मोहम्मडनने नेला. त्याच वर्षी दिल्लीत रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला हरवून ड्युरँड कप जिंकणारा पहिला भारतीय संघही तोच ठरला.

मोहम्मडन स्पोर्टिंगचा दबदबा त्याआधीच तयार झाला होता. १९३४ साली कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. आणि मग १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं तीच लीग. गोऱ्या पलटणींना हरवणारा संघ म्हणून त्याचं कौतुक सगळ्यांनाच होतं, पण बंगालच्या मुसलमानांसाठी तो संघ म्हणजे निव्वळ खेळ उरला नव्हता. काळही तसाच होता. मुंबईत क्रिकेटची पेंटँग्युलर स्पर्धा हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि बाकीचे अशा संघांत खेळली जात होती. गांधीजींनी या धर्मवार क्रिकेटला १९४० साली उघड विरोध केला. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला होता. अशा दिवसांत संघाच्या नावातच कौम असली, की जिंकलेला प्रत्येक सामना मोजला जातो तो कौमेच्या खात्यात. हरलेलाही.

हे झालं पहिलं 'सलग पाच'. भाच्याला सांगायची होती ती दुसऱ्या सलग पाचची गोष्ट.

१९५०, १९५१, १९५२, १९५३, १९५४. या पाचही वर्षी कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप उचलला तो एकाच संघाने, हैदराबाद सिटी पोलिसने. १९५० आणि १९५४ या दोन्ही वर्षी याच संघाने ड्युरँड कपही जिंकला. पुढे नाव बदलून तो आंध्र पोलिस झाला. दोन्ही नावांचे मिळून रोव्हर्स कप मोजले तर भरतात नऊ. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, मोईनुद्दीन अशी या संघातली नावं त्या काळी मुंबईच्या मैदानांवर घेतली जात. मोहम्मडनचा विक्रम निदान कलकत्त्यात तरी सांगितला जातो. हैदराबाद पोलिसचा विक्रम सांगायला कुणी उरलं नाही.

या विक्रमाचं मोल कळायचं तर १९५० च्या दोन वर्षं मागे जावं लागतं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि तो व्हायलाही हवा. निझामाच्या राजवटीत रझाकारांनी जे अत्याचार केले, ते गावोगावी अजून सांगितले जातात. पण पोलिस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत त्याच गावांतल्या मुसलमानांवर जे गुदरलं, ते मात्र अजूनही दबक्या आवाजातच सांगितलं जातं. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले मराठी जिल्हे होते. हा अहवाल कित्येक वर्षं दडवून ठेवला गेला. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. निझामाच्या पोलिस खात्यात मुसलमान बहुसंख्य होते, त्यामुळे त्या खात्याकडे तर संशयानेच पाहिलं जात होतं.

अशा हैदराबादच्या, अशा पोलिस खात्याचा संघ दोन वर्षांनी मुंबईत येतो आणि देशातला सर्वोत्तम ठरतो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे औरंगाबाद-बीड-परभणीच्या माणसासाठी हा त्याच्याच राजधानीचा संघ होता. या संघाला घडवणारा माणूस कोण? एक शाळामास्तर. सय्यद अब्दुल रहीम.

रहीम साहेबांचा जन्म १९०९ चा. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. हैदराबादच्या शाळांमध्ये त्यांनी शिकवलं, हैदराबाद फुटबॉल असोसिएशनची चिटणिसी सांभाळली आणि १९५० पासून सिटी पोलिसचा संघ हाती घेतला. त्यांच्यापाशी ना कतारचा पैसा होता, ना परदेशातून खेळाडू आणायची ऐपत. होती ती मास्तराची नजर. कमकुवत मुलाला मागच्या बाकावर बसवून ठेवायचं नसतं, हे मास्तरला ठाऊक असतं. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, जिथे चेंडू पायात घोळवायलाच बंदी. आला की लगेच पास द्यायचा. अशाही भरवल्या, जिथे खेळाडूने आपल्या कच्च्या पायानेच चेंडू मारायचा. उजव्या पायावर मिरवणारा पोरगा तिथे पुन्हा पहिलीत बसायचा. याच तालमीतून झटपट, जमिनीलगतचे पास देत पुढे सरकणारा खेळ उभा राहिला, आणि कूपरेजवर पाच वर्षं त्याला उत्तर सापडलं नाही.

देशाचा संघही त्यांच्याकडेच आला. १९५१ च्या पहिल्या आशियाई खेळांत दिल्लीला इराणचा १-० ने पराभव करून भारताने सुवर्ण जिंकलं. गोल मेवालालचा. पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुऊन काढलं. आपले बरेच खेळाडू तोवर अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम साहेबांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून सेमीफायनल गाठली. तिथवर पोहोचणारा आशियातला हा पहिलाच संघ. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याच्या वर आपण आजतागायत गेलेलो नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले ते मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने, मूळचा गोव्याचा. संघात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन होते, तसा सिकंदराबादचा तुळसीदास बलरामही होता.

१९६२ च्या जाकार्ता आशियाई खेळांच्या वेळी रहीम साहेबांना कॅन्सरने ग्रासलं होतं. ४ सप्टेंबरला फायनलमध्ये दक्षिण कोरिया समोर होता आणि अख्खं स्टेडियम भारताच्या विरोधात. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी गोल केले, पीटर थंगराजने गोल सांभाळला, कर्णधार होता चुनी गोस्वामी. भारत २-१ ने जिंकला. आशियाई फुटबॉलमधलं आपलं ते शेवटचं सुवर्ण. ११ जून १९६३ रोजी रहीम साहेब गेले. त्याच १९६३ सालचा रोव्हर्स कप आंध्र पोलिसने जिंकला, आणि त्यानंतर या संघाचं नाव त्या कपावर पुन्हा कोरलं गेलं नाही. पुढे रोव्हर्स कपही बंद पडला. शेवटची स्पर्धा झाली २०००-०१ ला.

दोन 'सलग पाच' शेजारी ठेवून पाहिले की एक फरक लक्षात येतो. मोहम्मडन स्पोर्टिंगच्या नावात कौम होती. हैदराबाद पोलिसच्या नावात एक शहर होतं आणि एक सरकारी खातं. खेळाडू पुष्कळसे मुसलमानच, पण जिंकलेला कप मोजला गेला तो शहराच्या खात्यात, आणि त्याच खेळाडूंच्या जोरावर पुढे देशाच्या. मी पहिल्या पाचला कमी लेखत नाही. गोऱ्या पलटणींना हरवायला छाती लागते. पण १९४८ नंतर ज्यांच्या निष्ठेवर बोट ठेवलं जात होतं, त्यांनी सभेत उभं राहून सफाई दिली नाही. ते सकाळी उठून मैदानावर गेले आणि कच्च्या पायाने सराव करत राहिले. निष्ठेचे पुरावे मागणं तेव्हाही अन्यायाचं होतं, आजही आहे. रहीम साहेबांनी त्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. त्यांनी संघ बांधला.

आणि आपण काय केलं? २०२४ साली 'मैदान' सिनेमा आला, तेव्हा आपल्याला हे नाव कळलं. महिनाभर व्हॉट्सॲपवर 'हमारे रहीम साहब' म्हणून फोटो फिरले, मग थांबले. त्यांच्या पद्धतीने पोरांना शिकवणारा एखादा वर्ग आपल्या मोहल्ल्यात सुरू झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. नावाचा अभिमान फुकट मिळतो. कामाला रोजची एक संध्याकाळ द्यावी लागते. हकीमी 'अपना' आहे, तर बलराम, थंगराज आणि जर्नेल सिंगही रहीम साहेबांचे 'अपने'च होते. ज्याला आपण शिकवलं, ज्याच्यासोबत घाम गाळला, तो आपला. मास्तरला याहून वेगळी व्याख्या परवडतच नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं त्याने, मग विचारलं, "कच्चे पाँव से? पूरा मॅच?" दुसऱ्या दिवशी असरनंतर पोरांनी तसा सामना खेळून पाहिला. डाव्या पायाने मारलेले चेंडू ईदगाहच्या भिंतीकडे, रस्त्याकडे, कुठेही जात होते. पोरं हसून हसून बेजार. पॅरिसचा टी-शर्ट धुळीने माखला. अर्ध्या तासात एकही गोल झाला नाही.

मगरिबची अजान झाली तेव्हा भाचा चपला गोळा करत म्हणाला, "मामू, कल फिर से."